चिंतामणीनगरचा पूल : पुलाचे पैसे मिळाले, बंद रस्त्याचा खर्च कुणी सोसला?

सांगलीतून माधवनगरकडे निघालं की चिंतामणीनगरजवळ पुणे-मिरज रेल्वेमार्ग आडवा येतो. तो ओलांडणारा जुना रेल्वे उड्डाणपूल २०२३ साली पाडण्यात आला. तातडीचं कारण होतं रेल्वेमार्गाचं दुहेरीकरण. नव्या पुलासाठी जाहीर झालेली मुदत उलटून गेली. रस्ता वर्षाहून जास्त काळ बंद राहिला. व्यापारी, रहिवासी, निरनिराळे पक्ष आणि संघटना आंदोलनाला उतरल्या. आता नवा पूल उभा आहे, वाहतूक सुरू आहे आणि विषय संपला असं सगळ्यांनाच वाटतं. मला तसं वाटत नाही. याच मार्गावर आणि राज्यातल्या इतर मार्गांवर असे अनेक पूल अजून पाडायचे आहेत, बदलायचे आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी हीच फरपट पुन्हा होऊ नये, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं.

त्या काळात चर्चा झाली ती बहुतेक ठेकेदाराची, गर्डरची (पुलाच्या मोठ्या तुळयांची), तारखांची. पैशाच्या वाटेकडे कुणी फारसं वळलं नाही. रेल्वेच्या पुलाला पैसा कुठून येतो, तो कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या नोंदीखाली) येतो आणि त्या लेखाशीर्षात काय बसत नाही, हे कळल्याशिवाय सांगलीकरांच्या वाट्याला काय आलं आणि का आलं, हे कळत नाही.

हा रस्ता कुणाचा

माधवनगर, बुधगाव आणि आसपासच्या गावांतली माणसं रोज कामाला, शाळा-कॉलेजला, दवाखान्याला याच बाजूने सांगलीत येतात. पुढे हाच रस्ता तासगाव आणि विट्याकडे जातो. सांगली आणि तासगाव या दोन्ही बेदाण्याच्या बाजारपेठा त्याने जोडल्या आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद, गूळ, बेदाणा घेऊन जाणाऱ्या गाड्या, हंगामात उसाचे ट्रॅक्टर, तासगाव-विट्याकडून सिव्हिलला येणारे रुग्ण अशी सगळी वर्दळ इथे असते.

सांगलीला पुराचाही विचार करावा लागतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी नदीपासून दूर जाणारा प्रत्येक रस्ता शहराला हवा असतो. पावसाळ्यात असा एखादा रस्ता बंद ठेवायचा तर तो निर्णय रेल्वेच्या वेळापत्रकाइतकाच कृष्णेच्या पाण्याकडे पाहूनही घ्यायला हवा.

दुहेरीकरण हवंच होतं

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुहेरीकरणाला विरोध करण्याचं काहीच कारण नाही. पुणे-मिरज मार्ग सुमारे २८० किलोमीटरचा, आणि त्याच्या दुहेरीकरणाचा खर्च ४,८०० कोटी रुपयांच्या घरात. १९७१ च्या सुमारास हा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, पण पुढची कित्येक दशकं तो एकेरीच राहिला. एकेरी मार्गाचा त्रास काय असतो ते मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड असा रोज अप-डाऊन करणाऱ्या पासधारकाला विचारावं. समोरून मेल-एक्स्प्रेस यायची असली की पॅसेंजर बाजूला घेतात आणि क्रॉसिंग होईपर्यंत ती हलत नाही. मधल्या छोट्या स्टेशनावर अर्धा तास गेला की कारखान्याची पाळी चुकते, कॉलेजचा पहिला तास बुडतो. दुसरा रूळ पडल्याशिवाय या लोकांना वेळेवर गाडी मिळणार नव्हती आणि नव्या लोकल-पॅसेंजर गाड्यांची मागणीही पुढे सरकणार नव्हती.

दुसऱ्या रुळाला पुलाखाली रुंदी लागते आणि विजेच्या तारांना उंची. जुने पूल डिझेलच्या काळातल्या एकेरी मार्गाच्या हिशेबाने बांधलेले. म्हणून पूल पाडावा लागणं समजण्यासारखं आहे. प्रश्न आहे तो पाडण्याआधी काय ठरलं होतं आणि काय ठरायला हवं होतं, याचा.

पैशाच्या तीन वाटा

रस्ता आणि रेल्वे एकमेकांना छेदतात तिथल्या पुलाला सरकारी पैसा साधारण तीन वाटांनी येतो.

पहिली वाट सुरक्षिततेची. जुना, कमकुवत पूल धोकादायक ठरला तर त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी रेल्वे सुरक्षिततेच्या पैशातून करते. या वाटेला मोठा इतिहास आहे. २००१ साली १७,००० कोटींचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी उभारला गेला. त्यातले ५,००० कोटी प्रवाशांच्या तिकिटावर अधिभार लावून जमा करायचे होते. म्हणजे सांगली-पुणे तिकीट काढणाऱ्यानेही त्या काळात देशभरच्या पुलांना आणि रुळांना आपला वाटा दिला आहे. पुढे २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुरक्षिततेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये लागतील असं सांगितलं. २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष सुरू झाला तो याच आकड्याचा : पाच वर्षांत एक लाख कोटी. दरवर्षी २०,००० कोटी, त्यातले १५,००० कोटी केंद्राच्या अर्थसंकल्पातून आणि ५,००० कोटी रेल्वेच्या स्वतःच्या उत्पन्नातून.

कोष कागदावर भक्कम होता. २०२२ च्या अखेरीस संसदेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की पहिल्या चार वर्षांत रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून २०,००० कोटी टाकायचे होते, त्यात १५,७७५ कोटींची तूट राहिली. कमी महत्त्वाच्या कामांवरचा खर्च मात्र वाढत गेला. देशात रेल्वेचे सुमारे दीड लाख पूल आहेत आणि त्यांतले हजारो शंभरी ओलांडलेले आहेत. हे आकडे शेजारी ठेवले की एखाद्या पुलाच्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं वाट का पाहावी लागते ते कळतं. रेल्वेच्या पिंक बुकात, म्हणजे मंजूर कामं आणि त्यांच्या तरतुदींच्या वार्षिक यादीत, एखादं काम मंजूर दिसतं, पण त्यापुढे फक्त एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद असते. काम जिवंत असतं, चालू मात्र नसतं. आपल्या गावातलं काम ‘मंजूर झालं’ ही बातमी वाचताना त्यापुढचा आकडाही बघायची सवय लावून घ्यायला हवी.

दुसरी वाट रस्त्याच्या बाजूची. फाटक बंद करून तिथे उड्डाणपूल बांधायचा असेल आणि रोजच्या गाड्यांची संख्या गुणिले वाहनांची संख्या एक लाखाच्या वर जात असेल, तर रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात, असा प्रघात आहे. केंद्राच्या वाट्याचा पैसा मोठ्या प्रमाणात केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधीतून येतो. हा निधी भरतो पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून, म्हणजे पंपावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून. रस्ता रुंद करायचा म्हणून राज्याला किंवा महापालिकेला पूल हवा असेल तर रक्कम आधी रेल्वेकडे भरायची आणि रेल्वेने काम करायचं. याला खात्यात डिपॉझिट वर्क म्हणतात.

तिसरी वाट रेल्वेच्या स्वतःच्या प्रकल्पाची. दुहेरीकरण, तिसरी लाइन, विद्युतीकरण यांसाठी पूल हलवावा लागला तर त्याचा खर्च त्या प्रकल्पातच धरतात. ज्याची गरज त्याचा खर्च, हे तत्त्व. चिंतामणीनगरचा पूल या तिसऱ्या वाटेने गेला.

वरकरणी सांगलीसाठी हे चांगलंच झालं. महापालिकेला किंवा राज्याला पुलासाठी हात पसरावे लागले नाहीत आणि सुरक्षा कोषाच्या रांगेतही उभं राहावं लागलं नाही. पण प्रत्येक लेखाशीर्षाला स्वतःचं मोजमाप असतं. दुहेरीकरणाचं यश मोजतात ते किती किलोमीटरवर दुसरी लाइन सुरू झाली यावर. सुरक्षा आयुक्तांची पाहणी होते ती रुळांची. वर माणसं चालू लागली की नाही, याचा रकाना त्या प्रगती अहवालात वरच्या ओळीत नसतो. जुना पूल पाडला की रेल्वेच्या वाटेतला अडथळा दूर होतो आणि दुसरा रूळ टाकायला जागा मोकळी होते. रस्त्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी अडचणीला सुरुवात होते. हेतू कुणाचा वाईट असायची गरजच नाही. पैसा ज्या कामासाठी आला, त्या कामाची घाई असते, आणि उरलेलं काम मागे पडतं.

कायदा काय म्हणतो

रेल्वे कायदा १९८९ चं कलम १६ सांगतं की रेल्वेमार्गामुळे जमिनीच्या वापरात खंड पडला तर तो भरून काढण्यासाठी आवश्यक ती ओलांडणी, पूल, मोऱ्या रेल्वेने कराव्यात आणि राखाव्यात. मार्ग सुरू होऊन दहा वर्षं झाल्यावर मात्र नव्या सोयींचा खर्च रेल्वेवर टाकता येत नाही. कलम १७ नुसार जास्तीची सोय हवी असेल तर ती राज्य सरकारने किंवा स्थानिक प्रशासनाने स्वतःच्या खर्चाने मागून घ्यायची. हा विचार १८९० च्या जुन्या रेल्वे कायद्यापासून चालत आलेला आहे.

त्याचा व्यवहारातला अर्थ असा : रेल्वे आपल्या गरजेसाठी पूल पाडते तेव्हा जेवढं होतं तेवढं परत देणं हे तिचं काम. शहराला त्याहून जास्त हवं असेल, जास्त मार्गिका, दोन्ही बाजूंना धड पदपथ, जिना, दिवे, तर फरकाचे पैसे शहराने द्यायचे, आणि तेही नकाशाला मंजुरी मिळण्याच्या आधी. नकाशावर सह्या झाल्या की रुंदी वाढवणं जवळपास अशक्य होतं. पुलाचं आयुष्य साठ-सत्तर वर्षं. तेवढ्या काळाची रुंदी एका बैठकीत ठरते. त्या बैठकीला महापालिका हातात पैशाचं पत्र घेऊन बसलेली असायला हवी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ पासून आहे, पण तिच्या अंदाजपत्रकात ‘रेल्वे ओलांडणी’ असं स्वतंत्र, कायमचं लेखाशीर्ष असावं अशी मागणी मला तरी क्वचितच ऐकू येते. पूल तुटल्यावर आंदोलन करण्यापेक्षा ही मागणी आधी करणं जास्त कामाचं आहे.

ज्या खर्चाला लेखाशीर्ष नाही

आता मुख्य मुद्दा. पुलाच्या अंदाजपत्रकात पायलिंग (पायाचे खांब) असतं, गर्डर असतो, अ‍ॅबटमेंट, अ‍ॅप्रोच (टोकांचे आधार आणि चढ-उताराचे रस्ते), सेवावाहिन्या हलवणं, पाडकाम, रेल्वेच्या ब्लॉकचा, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवण्याचा, खर्च असतो. रस्ता बंद असलेल्या काळात लोकांचं जे नुकसान होतं, ते कुठेच नसतं.

ते किती असू शकतं याचा अंदाज यावा म्हणून साधी आकडेमोड करू. ही मोजणी नाही, गृहीतकं आहेत. रोज १०,००० दुचाकी फेऱ्या धरू आणि प्रत्येक फेरीला ३ किलोमीटरचा जास्तीचा वळसा. म्हणजे दिवसाला ३०,००० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर धरलं तर सुमारे ६६७ लिटर पेट्रोल. १०५ रुपये दराने दिवसाला ७०,००० रुपये. वर्षाला अडीच कोटींच्या वर. यात चारचाकी नाहीत, ट्रक नाहीत, एसटी नाही. रिक्षाचं वाढलेलं भाडं नाही. रस्त्याकडेच्या दुकानदाराचं बसलेलं गिऱ्हाईक नाही. अ‍ॅम्ब्युलन्सची जास्तीची मिनिटं तर पैशात मोजताच येत नाहीत.

हे अडीच कोटी कुणी मंजूर केले नाहीत आणि कुणी नाकारलेही नाहीत. ते लोकांच्या खिशातून रोज सात-आठ रुपये असे झिरपत गेले. सरकारी पैशाने होणाऱ्या कामाचा एक भाग असा परस्पर लोकांवर पडतो आणि कुठल्याही लेखापरीक्षणात तो दिसत नाही. पूल दोन महिने आधी पूर्ण करण्यासाठी ठेकेदाराला जास्तीचे पन्नास लाख द्यावे लागले असते तर ती उधळपट्टी ठरली असती. लोकांचे दोन महिन्यांचे चाळीस-बेचाळीस लाख, शिवाय दुकानांचं नुकसान आणि रुग्णांचे हाल, हे कागदावर आले असते तर तोच निर्णय शहाणपणाचा ठरला असता. अंदाजपत्रकात जे लिहिलंच नाही ते निर्णयाच्या वेळी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

पायी चालणाऱ्यांचं याहून वाईट होतं. दुचाकीवाला वळसा घालतो. डोक्यावर बोजा घेतलेली बाई किंवा शाळकरी पोरगं तीन किलोमीटरचा वळसा घालत नाही, ते रूळ ओलांडतं. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. दुहेरीकरणानंतर तर एका रुळावरची गाडी गेली म्हणून पाऊल टाकावं आणि दुसऱ्या रुळावरून गाडी यावी, हा धोका आणखी वाढतो. पूल पाडण्याआधी लोखंडी तात्पुरता पादचारी पूल उभारायचा, ही तरतूद प्रत्येक अंदाजपत्रकात सक्तीची हवी. पूर्ण पुलाच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ असतो, आणि काम संपल्यावर तेच लोखंड उचलून पुढच्या पुलाला वापरता येतं.

मुंबईतही हेच

कुणी म्हणेल, सांगली छोटं शहर, म्हणून दुर्लक्ष. तसं नाही. अंधेरीचा गोखले पूल पाहा. ३ जुलै २०१८ ला त्याच्या पदपथाचा भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला, माणसं दगावली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला. रुळांवरचा भाग पाडायचा रेल्वेने, नवा बांधायचा महापालिकेने, अशी वाटणी झाली. २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी उंचीच जुळत नव्हती. रेल्वेच्या नव्या नियमांमुळे पुलाची उंची वाढली होती, आणि ती वाढ शेजारच्या पुलाच्या कागदावर वेळेत पोहोचली नाही. पूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडलं. मशीद बंदरचा कर्नाक पूल १८६८ चा. तो नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, नवा जुलै २०२५ मध्ये सुरू झाला.

देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेच्या हद्दीतही दोन-अडीच वर्षं गेली. पैसा कमी पडला म्हणून नव्हे. पुलाचे दोन मालक, त्यांच्या दोन तिजोऱ्या, दोन नकाशे आणि दोन वेळापत्रकं होती म्हणून. अलीकडे पूर्ण पूल, मधला भाग आणि अ‍ॅप्रोच धरून, एकाच संस्थेने बांधावा असा कल वाढला आहे. महाराष्ट्रात राज्य सरकार आणि रेल्वे यांची भागीदारी असलेली महारेल कंपनी अशी कामं करते. त्याने मधला गर्डर उभा आणि दोन्ही बाजूंचे उतार गायब, हे जुनं दृश्य कमी होईल. बंद काळाचा प्रश्न मात्र त्याने आपोआप सुटत नाही.

पुढच्या पुलाआधी

जुना पूल कधी पाडायचा हे रेल्वेच्या ब्लॉकवर आणि निविदेच्या तारखेवर ठरू नये. सांगलीचं स्वतःचं कॅलेंडर आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि पाऊस लागतो. पायाचं काम पावसाच्या तोंडावर काढलं तर खड्ड्यात पाणी भरणार आणि पहिले तीन महिने उपशातच जाणार. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या पर्यायी गल्ल्यांत अडकणार. गर्डर कारखान्यात तयार होऊन जागेवर आल्याखेरीज जुना पूल पाडायचाच नाही, अशी अट घातली तर बंद काळ कितीतरी कमी होतो. पुलाचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग रस्ता चालू असतानाच दुसरीकडे तयार होऊ शकतो, मग तो रस्ता बंद करून का तयार करायचा?

पर्यायी रस्त्याचं डांबरीकरण, दिवे, वळणावरचे फलक हा खर्चही प्रकल्पातूनच व्हायला हवा. आज होतं असं की वाहतूक वळवण्याचा आदेश निघतो आणि ती आतल्या वस्त्यांच्या अरुंद रस्त्यांवर येते. ते रस्ते महापालिकेचे, त्यामुळे उखडले की दुरुस्ती महापालिकेच्या पैशाने. रेल्वेच्या प्रकल्पाचा एक तुकडा अशा रीतीने घरपट्टी भरणाऱ्यावर पडतो. ज्याची गरज त्याचा खर्च, हे तत्त्व मान्य आहे तर ते शेवटपर्यंत पाळलं पाहिजे.

आणि दंड. ठेकेदाराला उशिराबद्दल दंड करारात असतो, पण तो कामाच्या किमतीच्या टक्क्यांत मोजतात आणि मुदतवाढ दिली की माफही होतो. बंद असलेल्या प्रत्येक दिवसाचं लोकांचं नुकसान आधी मोजून तोच आकडा रोजचा दंड म्हणून करारात लिहिला, आणि वेळेआधी काम संपवणाऱ्याला त्याच दराने बक्षीस दिलं, तर मुदतवाढीच्या प्रत्येक पत्राला ठरलेली किंमत येईल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मध्य रेल्वेचा पुणे विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महापालिका, या तिघांनी पूल पाडण्याआधी एका कागदावर सही करायची : कोणत्या लेखाशीर्षातून किती पैसे, पादचारी पूल कोणत्या तारखेला, गर्डर कुठे तयार आहे, पर्यायी रस्त्याची जबाबदारी कुणाची, रोजचा दंड किती. तो कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या वाहतूक वळवण्याच्या आदेशाला जोडायचा, आणि तो जोडलेला नसेल तर रस्ता बंद करण्याचा आदेशच काढायचा नाही.